सौर प्रकल्पांची जमीन आणि खानदेशातील गावांचे प्रश्न

प्रस्तावना :

खानदेशात ऊन मुबलक, पाऊस मात्र बेभरवशाचा. त्यामुळे सौर वीजनिर्मितीसाठी धुळे व जळगाव जिल्ह्यांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प 2013 मध्ये कार्यान्वित झाला. अशा प्रकल्पात धूर नाही, राख नाही. तरीही परिसरातील गावांतून हरकती उमटत राहिल्या. त्यांना 'विकासविरोध' म्हणणे सोयीचे असले, तरी अभ्यासकाला ते शोभत नाही. या हरकतींचे मूळ जमिनीच्या मोजदादीत कसे आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

'पडीक' जमीन :

एका मेगावॅटला साधारणपणे 4 ते 5 एकर जमीन लागते. म्हणजे 125 मेगावॅटसाठी पाचशे एकरांहून अधिक. एवढे सलग क्षेत्र शोधताना 'पडीक' हा शब्द वारंवार पुढे येतो. परंतु महसुली दप्तरातील पड जमीन गावाच्या व्यवहारात क्वचितच पडून असते. साक्री व शिंदखेडा भागातील ठेलारी मेंढपाळांचे कळप माळरानावरच चरतात, गावाचे सरपणही तेथूनच येते. या वापराची नोंद सात-बाऱ्यावर होत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा मोबदला नाही; कुंपण पडले की तो वापर थांबतो, एवढेच.

विखरणचा धडा :

नोंद असलेल्या जमिनीचीही मोजदाद किती फसवी असू शकते, हे शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे दिसले. दोंडाईचाच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी हाती घेतलेले तेथील भूसंपादन पुढे सौर प्रकल्पाकडे वळले. धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याला 5 एकरांसाठी सुमारे 4 लाख रुपये मिळाले. आपल्या शेतातील आंब्याची झाडे व सिंचनाची सोय मूल्यांकनात धरली गेली नाही, आणि शेजारच्या तेवढ्याच क्षेत्राला कितीतरी पट रक्कम मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. कार्यालयांचे उंबरठे झिजवून 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात आत्महत्येचा प्रयत्न केला. 28 जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यानंतर फेरमूल्यांकन होऊन सुमारे 54 लाखांचा आकडा पुढे आला. शेत तेच होते. मग पहिला पंचनामा नेमके काय मोजत होता, हा प्रश्न उरतोच.

कायदा व त्याच्या कडेचे लोक :

1894 च्या कायद्यात बाजारभावावर 30 टक्के दिलासा रक्कम होती. 2013 च्या कायद्याने ती 100 टक्के केली आणि ग्रामीण भागासाठी वाढीव गुणक दिला. अधिक महत्त्वाचे म्हणजे, कूळ व शेतमजूर यांनाही 'बाधित कुटुंब' मानले. परंतु अनेक खाजगी सौर प्रकल्प जमीन संपादित न करता विकत वा भाडेपट्ट्याने घेतात, आणि अशा व्यवहारात हे संरक्षण सहसा लागू होत नाही. चाळीसगाव तालुक्यातील बोढरे-शिवापूर परिसरातून मध्यस्थांमार्फत अल्प दरात जमिनी गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्या याच मार्गावरच्या. शिवाय 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या अनुसूचीत असे सौर प्रकल्प नसल्याने तीखालील जनसुनावणीही होत नाही. गावाला प्रकल्प कळतो तो बहुधा खांब रोवले जाताना.

यावर एक उपाय म्हणून भाडेपट्ट्याकडे पाहता येईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 मधील दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व दरवर्षी 3 टक्के वाढ ठरली. यात मालकी शेतकऱ्याकडेच राहते, ही जमेची बाजू होय. 2021 पासूनच्या ई-पीक पाहणीमुळे स्वतःच्या पिकांची व झाडांची नोंदही त्याला करता येते. विखरणच्या अनुभवानंतर तिचे मोल कोणीही ओळखेल. मात्र भाडे जाते ते सात-बाऱ्यावर नाव असणाऱ्याकडे. त्याच शेतात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीसाठी या करारात रकाना नाही.