रोगांचे आकडे लिहिणाऱ्यांचे आरोग्य

पनवेल-कळंबोली भागात ‘मेडिकल कोडिंग’चे काम घरून करणारी तरुण मंडळी आता बरीच दिसतात. बी.एस्सी., बी.फार्म. झालेल्या मुलामुलींना हे काम मिळते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऐरोली-महापेला जाणे थांबले, तेव्हा पुष्कळांचे काम घरी आले आणि काहींचे ते घरीच राहिले.

हे काम काय असते? डॉक्टरने लिहिलेली रुग्णाची नोंद वाचून प्रत्येक आजाराला व उपचाराला ठरलेला संकेतांक द्यायचा. त्यावरून विमा कंपनी बिलाचे पैसे देते. आपल्याकडे येणारे बरेचसे काम अमेरिकेतील असते. आजारांच्या संकेतांकांची यादी जागतिक आरोग्य संघटनेची. तिच्या दहाव्या आवृत्तीवर आधारलेली यादी अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. तीत आय १० म्हणजे उच्च रक्तदाब. त्याच यादीत एम ५४.२ म्हणजे मानदुखी आणि जी ५६.० म्हणजे मनगटातील नस दबणे. ही शेवटची दोन दुखणी या मंडळींनी स्वतःच्याच बाबतीत ध्यानात ठेवावीत.

कार्यालयात टेबल-खुर्ची बरी असते, गाडी पकडायला चालणे होते, चहाला उठणे होते. घरी मात्र पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून आठ-नऊ तास काम चालते. दिवसाच्या कामाचा आकडा गाठायचा आणि चूकही होऊ द्यायची नाही, म्हणून उठावेसे वाटत नाही. मान पुढे झुकली की डोक्याचा सारा भार मानेच्या स्नायूंवर येतो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मनगट सतत वाकलेले राहिले तर नसेवर दाब येऊन अंगठा व शेजारच्या दोन बोटांना, विशेषतः रात्री, मुंग्या येतात. मधुमेह, थायरॉईडची कमतरता किंवा गरोदरपण असल्यास हा त्रास लवकर होतो.

उपाय खर्चिक नाहीत. पाठीला टेका देणारी खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकावेत. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणावी व कळफलक वेगळा जोडावा. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहावे. तासातून एकदा उठून पाणी प्यावे, चार पावले चालावे. रोज अर्धा तास भरभर चालावे. रात्रपाळी असल्यास दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग सात तास झोपावे.

हाताची पकड कमी होणे, मुंग्या सतत राहणे, मानेची कळ हातात उतरणे किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास मलम चोळत बसू नये व मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावे. पोटरीच्या सुजेला तर त्याच दिवशी दाखवावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. सून किंवा मुलगी घरी बसली आहे म्हणजे ती मोकळी आहे, असे नव्हे. कामाच्या मधल्या पाच मिनिटांत तिला कुकर लावायला उठवले, तर ती विश्रांती होत नाही. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला दारावरची बेल वाजली म्हणून उठवू नये. खुर्ची कितीही चांगली आणली, तरी झोप मोडत राहिली तर प्रकृती सुधारणार नाही.