यंत्राचा गिलावा

गवंडीकामात खांद्याची खरी कसोटी लागते ती गिलाव्याच्या वेळी. थापीवर माल घ्यावयाचा, मनगटाच्या झटक्याने तो भिंतीवर मारावयाचा, मग पाट्याने ओढून सारखा करावयाचा व शेवटी रंध्याने घोटावयाचा. परांचीवर उभे राहून हेच दिवसभर चालते. माल थोपटून न लावता फेकून का मारतात, हे कळल्यावाचून गिलाव्याच्या यंत्राचे कार्य ध्यानात यावयाचे नाही. जोराने आदळलेला माल विटांच्या सांध्यांत शिरतो आणि तेथली हवा हुसकून लावतो. हवा राहिली तर तेथे पोकळी राहते, बोटाने ठोकताच भिंत ढबढब वाजते, आणि एखाद्या पावसाळ्यात तो पोपडा सुटून खाली येतो. हा आघात यंत्राकडून करवून घेणे, हाच मूळ प्रश्न.

तो सोडविण्याची पहिली मोठी युक्ती काढली ती कोणा गवंड्याने नव्हे, तर मेलेल्या प्राण्यांची हुबेहूब रूपे घडविणाऱ्या कार्ल एकली या अमेरिकन कलावंताने. शिकागोतील ज्या संग्रहालयात ते काम करीत, त्याच्या इमारतीचा दर्शनी भाग झडू लागला होता. १९०७ च्या सुमारास त्यांनी दाबलेल्या हवेने वाळू-सिमेंट उडविणारी तोफ सिद्ध केली व १९११ साली तिचे पेटंट मिळविले. पुढे जर्मनीत कार्ल श्लेख्त या तरुणाने, गिलाव्याचा धंदा करणाऱ्या आपल्या वडिलांसाठी माल उडविणारे यंत्र बनविले आणि १९५८ साली त्याचाच कारखाना काढला. वडिलांचे कष्ट हलके करण्यासाठी केलेली अशी खटपट सहसा फुकट जात नाही.

आजच्या फवारणी यंत्रांपैकी अनेकांत टाकीखाली पिळाचा पोलादी दांडा रबराच्या नळकांड्यात फिरतो. दोहोंमधील पोकळ्या फिरता फिरता पुढे सरकतात व त्यांत सापडलेला माल धक्क्यांविना नळीत ढकलला जातो. नळीच्या तोंडाशी दाबलेली हवा येऊन मिळते आणि मालाचा जाड फवारा भिंतीवर आदळतो. मात्र तो सारखा करावयाला पाट्या घेतलेला माणूस लागतोच.

दुसऱ्या जातीचे यंत्र हेही काम स्वतः करते. जमीन व छत यांच्यामध्ये दोन खांब घट्ट बसवितात. त्यांवरून मालाने भरलेले पात्र वर चढते; पात्रापुढील पोलादी पाते थरथरत माल भिंतीवर दाबते आणि खाली उतरताना तोच पृष्ठभाग घोटीत येते. एक पट्टा झाला की यंत्र बाजूला सरकवावयाचे. मोठ्या सलग भिंतीवर ही चाल पाहण्याजोगी असते. पण खांब ओळंब्यात नसले तर यंत्र वाकडी भिंतही तितक्याच तत्परतेने करून देते! गवंडी आधी जाडी दाखविणारे मालाचे ठिय्ये लावून भिंतीची सरळ रेघ शोधून घेतो. यंत्राला ती माणसाने दाखवावी लागते. खिडक्यांच्या कडा व कोपरे हातासाठीच उरतात, त्यामुळे लहान खोल्यांच्या घरात यंत्राची हलवाहलवच अधिक होते.

सिमेंट मात्र कोणाचीच वाट पाहत नाही. पाणी मिळाल्यावर अर्ध्या तासानंतर ते केव्हाही आळू लागते. जेवणाच्या सुट्टीत नळी भरलेली राहिली तर दुपार ती मोकळी करण्यात जाते. वाळूही बारीक चाळलेली हवी. एक खडा अडकला की काम थांबते.

आणि भिंत? ती कोरडी असेल तर विटा मालातले पाणी शोषून घेतात. मग माल हाताने मारलेला असो वा यंत्राने, त्याची पकड बसत नाही. म्हणून विटा आधी भिजवाव्या लागतात, गुळगुळीत काँक्रीटला छिन्नीने टोचे मारावे लागतात, आणि गिलावा झाल्यावर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते. यंत्र भाड्याने आणलेले असते व तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर निघून जाते. पाण्याची बादली घेऊन उरलेले दिवस त्या भिंतीपाशी कोणीतरी थांबावयाचे असते.