कापडातली वीज

एप्रिल २०२०. टाळेबंदी लागून तीन-चार आठवडे झाले होते. आमच्या बचत गटाच्या सात जणी समाजमंदिरात लांब लांब बसून दवाखान्यासाठी टोप्या, शू कव्हर आणि साधे गाऊन शिवत होतो. कापड ते निळं, कागदासारखं, व्यापारी ज्याला ‘नॉनवोव्हन’ म्हणतात. शिवायला सोपं, पण कापायला बसलं की डोकं फिरायचं. दहा थर एकावर एक ठेवले की एकमेकांना असे चिकटायचे की कात्री कुठून चाललीय तेच कळेना. हाताला चिकट, साडीला चिकट, ओढून सोडवलं की चटचट आवाज. त्यात खोलीतली सगळी धूळ, केस, सुताची कुसं जणू आमंत्रण दिल्यासारखी त्यावर येऊन बसायची.

पहिलाच गठ्ठा सिस्टरने परत पाठवला. “ताई, टोप्यांवर केस आहेत. ह्या आत कशा घेऊ?”

मला वाटलं, व्यापाऱ्याने खराब माल दिला. शेजारी कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर राहतात, त्यांना कुंपणापलीकडून एक तुकडा दाखवला. ते हसले. “वहिनी, कापड चांगलं आहे. तुमच्या खोलीतली हवा कोरडी आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या बी.ए. मराठीवालीलाही समजलं. हे कापड विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक धागे काढतात, ते एकावर एक पसरतात आणि उष्णतेने दाबून चिकटवतात. सुती कापड हवेतला ओलावा पिऊन ठेवतं, त्याच्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के. हे प्लास्टिक जवळपास काहीच पीत नाही. आणि कापडावर घासून तयार झालेली वीज निघून जायला ओलाव्याचीच वाट लागते. आमच्याकडे विदर्भात एप्रिलच्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो, मग ती वीज जाणार कुठे? बसते तिथेच आणि धूळ ओढते. हाताला बारीक चटका बसला तर समजावं, तिथे ३००० व्होल्टच्या आसपास दाब होता. आकडा ऐकून आमची एक जण मशीनवरून उठलीच! पण वीज इतकी थोडी असते की जिवाला काही होत नाही, हे सरांनी पुढे सांगितलं.

हे ऐकताना मला माझी आत्या आठवली. ती नागपूरला थिएटर सिस्टर होती. ती सांगायची, ईथरच्या काळात नायलॉनचा कपडा घालून आत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. लहानपणी आम्हाला वाटायचं, हे साधेपणासाठी असेल. खरं कारण वेगळं होतं. ईथर आणि सायक्लोप्रोपेन ही भुलीची औषधं पेट घेणारी. कपड्यातून एक ठिणगी उडाली तर स्फोट व्हायचा आणि असे स्फोट झालेही आहेत. म्हणून जुन्या शस्त्रक्रियागृहांत वीज वाहून नेणारी खास फरशी, गाड्यांना तसल्याच रबराची चाकं, अंगावर सुती कपडे आणि हवेत ओलावा राखायची दक्षता. १९५६ मध्ये हॅलोथेन हे न पेटणारं औषध वापरात आलं आणि पुढे ती भीती हळूहळू ओसरली.

तरी आजही शस्त्रक्रियेच्या कापडातली वीज घालवावीच लागते. तिथे ऑक्सिजन असतो, कातडीला लावलेलं स्पिरिट असतं. शिवाय गाऊन अंगाला चिकटतो आणि आमच्या टोप्यांसारखी कुसं ओढतो. उघड्या जखमेत ती पडलेली कुणाला चालतील? म्हणून गिरणीत अशा कापडावर एका रसायनाचा पातळ हात देतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्यावरून वीज निघून जाते. गंमत बघा, हवाच कोरडी ठणठणीत असेल तर ते रसायन तरी काय ओढणार? आणि ते जास्त झालं तर कापड रक्त-पाणी अडवायला कमी पडतं. म्हणून काही वेळा ते एकाच बाजूला लावतात. स्वयंपाकातल्या मिठासारखा हा हिशेब सांभाळणाऱ्या माणसांचं मला कौतुक वाटलं.

आम्ही आमच्यापुरता उपाय केला. सिंथेटिक साड्या बंद, सगळ्यांनी सुती नेसून यायचं. सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, खिडकीत ओली पोती टांगायची. कूलर लावला, पण दूर भिंतीकडे तोंड करून, नाहीतर कापड छताला! दुसऱ्या गठ्ठ्याला सिस्टर काही बोलली नाही.

इथवर मी स्वतःवर खूश होते. म्हणून सरांना सहज म्हणाले, “बरं झालं, वीज घालवायची कशी ते कळलं. परवाच मी चार एन-९५ मास्क साबणाने धुऊन, वरून स्पिरिट फवारून आशाताईंना दिले.”

सर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “वहिनी, त्या मास्कमध्ये वीजच तर कामाची असते.”

एन-९५ चा मधला थर याच प्लास्टिकचा, पण केसापेक्षा कितीतरी बारीक धाग्यांचा. त्यात विजेचा भार मुद्दाम भरून टिकवलेला असतो. त्यामुळे बारीक कण नुसते जाळीत अडकत नाहीत, ओढले जातात. म्हणूनच कापड फार दाट न करता कण अडवता येतात आणि श्वासही घेता येतो. हा भार भरायची एक पद्धत अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले, मूळचे तैवानचे पीटर त्साई यांनी शोधली, १९९५ मध्ये तिचं पेटंट मिळालं. निवृत्तीनंतर २०२० मध्ये ते पुन्हा कामाला लागले, मास्कमधली वीज न घालवता तो परत कसा वापरता येईल हे शोधायला. साबणाने आणि स्पिरिटने ती जाते. मास्क दिसायला तसाच, नव्हे, जास्तच स्वच्छ दिसतो.

मी तशीच स्कूटी काढली. चारांपैकी दोन मास्क डब्यात होते, ते परत घेतले. तिसरा घालून एक जण आठवडाभर घरोघरी सर्वेक्षण करत होती. ती म्हणाली, “ताई, तुम्ही धुऊन दिला म्हणून तर बिनधास्त खोकलेवाल्यांच्या घरात गेले.” माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही. तिला काही झालं नाही, पण त्यात माझा काही हात नाही. चौथा मास्क कुणाकडे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नवे मास्क मिळायला पाच दिवस लागले. तोवर त्यांना तीन थरांचे नवे सर्जिकल मास्क दिले. नवे एन-९५ आले तेव्हा प्रत्येकीला पाच-पाच कागदी पिशव्या दिल्या, वारांची नावं घालून. तुटवडा होता, म्हणून एक मास्क वापरला की पिशवीत ठेवायचा आणि पाच दिवस तरी हात लावायचा नाही. आता तशी वेळ नाही, ओला किंवा फाटका झाला की सरळ टाकून द्यावा. पण तेव्हा प्रत्येक पिशवीवर मी जाड मार्करने लिहिलं होतं, ‘धुऊ नका, स्पिरिट लावू नका.’ आणि खाली माझा फोन नंबर.