शेवटचे रीळ आणि रंगलेला वग

कालप्रवासाच्या चित्रपटात एखादे पात्र आपला वर्तमान सोडून मागच्या किंवा पुढच्या काळात जाते आणि त्या जाण्यातूनच कथेचा तिढा तयार होतो. तिथे नेणारे साधन काहीही असू शकते: मोटारगाडी, वादळ, जुना टीव्ही किंवा नुसती एक आठवण. मात्र बहुतेक कथांच्या तळाशी दोन प्रश्न असतात. जे घडले ते टाळता आले असते का? आणि गेलेले दिवस पुन्हा भेटतील का? पहिला प्रश्न इच्छास्वातंत्र्याचा आहे, दुसरा स्मरणरंजनाचा. हे दोन्ही प्रश्न जोडीने येतात याला कारण आहे, आणि ते चित्रपट या माध्यमापासूनच सुरू होते.

कालप्रवासाची कथा आणि चित्रपट ही जवळपास जुळी भावंडे. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी 1895 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 28 डिसेंबरला ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून आपला पहिला खेळ केला. 7 जुलै 1896 रोजी हा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला. या खेळांच्या आधीच, ऑक्टोबर 1895 मध्ये, रॉबर्ट पॉल या इंग्रज कारागिराने वेल्सच्या कादंबरीवरून प्रेक्षकांना काळात फिरवून आणल्याचा भास देणाऱ्या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ल्युमिए बंधूंनी 1896 मध्ये भिंत पाडण्याचे दृश्य चित्रित केले आणि पुढे फिल्म उलटी चालवून पडलेली भिंत पुन्हा उभी राहताना दाखवली. काळ मागे फिरताना माणसाने डोळ्यांनी पाहिला तो असा.

यात्रेतले दोन तंबू

तमाशाची पंढरी म्हणवले जाणारे नारायणगाव जुन्नर तालुक्यात आहे. यात्रांच्या हंगामात नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन सुपारी देतात. पश्चिम महाराष्ट्राच्या यात्रांत एकेकाळी तमाशाच्या कनातीबरोबर टुरिंग टॉकीजचा तंबूही असे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हा माहितीपट केला. इच्छास्वातंत्र्याविषयी तत्त्वज्ञांनी जे दोन पक्ष मांडले, त्यांचे नमुने या दोन तंबूंत पाहायला मिळत.

टॉकीजच्या तंबूत प्रोजेक्टरशेजारी पत्र्याचे गोल डबे रचलेले असत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे हजार फुटांचे एक रीळ साधारण 11 मिनिटे चालते. त्यावर सुमारे 16 हजार चित्रे असतात आणि सेकंदाला 24 या वेगाने ती भिंगासमोरून सरकतात. पडद्यावर नायक दोन वाटांपाशी थबकलेला असतो आणि प्रेक्षक श्वास रोखून बसलेले असतात, तेव्हा शेवटचे रीळ डब्यात गुंडाळून तयार असते. नायक काय निवडणार हे फिल्मवर आधीच उमटलेले असते. खेळ संपला की ऑपरेटर हाताने चाक फिरवून रीळ उलटे गुंडाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच नायक त्याच जागी थबकतो, तीच वाट धरतो.

पलीकडच्या कनातीत गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम चालतो. वगाचे कथानक ठरलेले असते, पण सोंगाड्याच्या तोंडचे शब्द त्या रात्रीचे असतात. समोरून कोणी आवाज दिला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळते. पहाट जवळ आली तर वग आवरता घेतात, बैठक रंगली तर लांबवतात. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी कृष्णापुढे उभी राहून आजच्या महागाईवर बोलते आणि द्वापरयुग व चालू वर्ष एकाच फळीवर नांदतात. त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. कालप्रवासाचे चित्रपट या दोन तंबूंच्या दरम्यान कुठेतरी उभे असतात: काही पूर्णपणे रिळाच्या बाजूचे, काही वगाच्या.

घडलेले बदलते का?

रिळाच्या बाजूचा सर्वांत नेमका नमुना म्हणजे ख्रिस मार्करचा ‘ला जते’ (1962). हा 28 मिनिटांचा फ्रेंच चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. लहानपणी विमानतळाच्या धक्क्यावर एका माणसाला मरताना पाहिलेला मुलगा मोठा होतो. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगात त्याला भूतकाळात पाठवण्यासाठी निवडतात, ते बालपणाची ती एक प्रतिमा त्याच्या मनात पक्की रुतलेली असते म्हणूनच. शेवटी तो त्या धक्क्यावर पोहोचतो आणि लहानपणी पाहिलेला मरणारा माणूस आपणच होतो हे त्याला कळते. ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (1995) याच चित्रपटावर आधारलेला आहे. या प्रकारात प्रवासी जे काही करतो ते इतिहासात आधीच जमा असते, त्यामुळे आजोबांना त्यांच्या तरुणपणी मारले तर नातू जन्मेल कसा, हा प्रसिद्ध पेच इथे पडत नाही. नातवाचा नेम चुकणारच, कारण आजोबा जगल्याचा पुरावा तो स्वतः आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी 1976 मध्ये हाच युक्तिवाद तर्कशुद्ध रीतीने मांडला.

दुसऱ्या प्रकारात भूतकाळ ओल्या मातीसारखा असतो. ‘बॅक टू द फ्यूचर’ (1985) मधला मार्टी 1955 मध्ये जातो, आईवडिलांची पहिली भेट नकळत मोडतो आणि मग आपलाच जन्म वाचवण्यासाठी ती पुन्हा जुळवतो. ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ (2010) या हिंदी चित्रपटातला मुलगा आईवडिलांचा विस्कटलेला संसार सावरायला 1975 मध्ये जातो. ‘दोबारा’ (2022) मध्ये वादळी रात्री जुन्या टीव्हीतून एका मुलाशी बोलणे होते, त्याचा जीव वाचतो आणि वाचवणाऱ्या स्त्रीचे आयुष्यच पालटून जाते. या कथांत माणसाच्या इच्छेला जोर असतो, पण तिची किंमतही मोजावी लागते.

तिसरा प्रकार फाट्यांचा. यात घडलेले पुसले जात नाही, त्याच्या शेजारी दुसरे जग फुटते. मराठी वाचकाला याचे उत्तम उदाहरण चित्रपटात शोधावे लागत नाही, ते जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात चालले असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका वेगळ्या जगात जागे होतात. त्या जगात 14 जानेवारी 1761 ची लढाई मराठे जिंकलेले असतात. एशियाटिक ग्रंथालयात बखर चाळताना त्यांना फरकाची जागा सापडते: विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी इथे कानाजवळून निघून गेली आहे. परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे ते फाटके पान असते. त्यांचे शास्त्रज्ञ मित्र दोन आधारांनी उलगडा करतात. एक म्हणजे लहानशा बदलाने मोठी उलथापालथ होऊ शकते हे गणित, दुसरा म्हणजे सूक्ष्म कणांच्या जगातली अनिश्चितता. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेशी या कथेचे जवळचे नाते आहे.

मात्र या कथेने एक प्रश्न मोकळाच ठेवला आहे. गोळी कानाजवळून गेली यात विश्वासरावांची इच्छा कुठेच नव्हती. जग आधीपासून ठरलेले नसणे आणि माणूस स्वतंत्र असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फासे कसे पडतील हे अनिश्चित असते, म्हणून फासे स्वतंत्र ठरत नाहीत.

प्रारब्ध आणि प्रयत्न

हा वाद मराठीला नवा नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. सारे काही कर्माने ठरले असेल तर उपदेश कशाला आणि प्रयत्न तरी कशाला, असा तिथला पेच आहे. देह आणि इंद्रिये कर्माच्या साखळीत असली तरी आत्म्याला बुद्धीला प्रेरणा देण्याचे स्वातंत्र्य आहे, अशी टिळकांची बाजू आहे. प्रारब्धासाठी परंपरेत सुटलेल्या बाणाचा दाखला देतात: सुटला तो परत घेता येत नाही, भात्यातला मात्र अजून आपल्या हातात असतो. हे उत्तर वगाच्या जवळचे आहे. कथानक ठरलेले, पण बोलणे आपले.

विज्ञान किती वाट देते?

पुढच्या काळात जाणे निसर्गनियमांना मान्य आहे. रैवत राजा कन्या रेवतीसह ब्रह्मलोकी गेला, तिथे घटकाभर गायन ऐकत थांबला आणि परत येईतो पृथ्वीवर युगे उलटली होती, ही पुराणकथा परिचित आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार प्रचंड वेगाने जाणाऱ्या किंवा तीव्र गुरुत्वाकर्षणाजवळ असलेल्या घड्याळाचा काळ खरोखरच सावकाश जातो. अशा प्रवासाने इच्छास्वातंत्र्याला धक्का लागत नाही, कारण त्यात घडलेले काहीच बदलत नाही.

मागे जाण्याची गोष्ट वेगळी. कुर्ट ग्योडेल यांनी 1949 मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचे असे एक उत्तर काढले, ज्यातल्या फिरत्या विश्वात मार्ग वळून आपल्याच भूतकाळाला मिळतात. आपले विश्व तसे असल्याची खूण मिळालेली नाही. स्टीफन हॉकिंग यांचे मत निसर्ग असे मार्ग बंदच ठेवतो असे होते. 28 जून 2009 रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी उरकल्यावर जाहीर केले. कोणीही आले नव्हते.

भूतकाळ पाहता मात्र येतो, आणि त्याची सोय जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तारांच्या जाळीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. हायड्रोजनच्या अणूतून 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी या दुर्बिणीतून एका दूरच्या दीर्घिकेची अशी लहर टिपल्याचे जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाले. ती 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघाली होती, आणि विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन इथे पोहोचेपर्यंत 48 सेंटिमीटरची झाली होती. इतका जुना काळ दिसतो, पण त्याला हात लावता येत नाही.

बालपणच का?

यंत्र हाताशी असताना पात्रे सारखी स्वतःच्या बालपणाकडे किंवा आईवडिलांच्या तारुण्याकडेच वळतात. सेलिन सियामाच्या ‘पतीत मामाँ’ (2021) मध्ये आठ वर्षांच्या मुलीला रानात तिच्याच वयाची आई भेटते आणि दोघी फांद्यांची झोपडी बांधतात. आणीबाणीच्या काळात घडणारा मराठी ‘शाळा’ यंत्राशिवायच त्या वर्गात नेऊन बसवतो.

योहानेस होफर या वैद्याने 1688 मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर असलेल्यांच्या खंगण्याला त्याने हे नाव दिले. ती ओढ तेव्हा जागेची होती, पुढे ती काळाची झाली. कधीकधी दोन्ही एकत्र येतात. ज्या आंबेगावावरून शेजारच्या तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तिथल्या विस्थापितांना बालपणाकडे परतायचे तर वेळही उरलेली नाही आणि वाटही.

मानसशास्त्राच्या अभ्यासांत असे दिसते की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने अधिक येतात. ते दिवस अधिक सुखाचे होते असे यावरून ठरत नाही. त्या वयात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदाच घडतात आणि आयुष्य कोणते वळण घेणार हे ठरायचे असते. शाळकरी मुलाला आपले शेवटचे रीळ डब्यात आहे असे वाटत नाही. त्यामुळे बालपणाची ओढ बरीचशी त्या मोकळ्या भविष्याची ओढ असते, आणि इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न व स्मरणरंजन कालप्रवासाच्या पडद्यावर जोडीने येतात ते याचमुळे. मागे जाऊन काही बदलावे असे ज्याला वाटते, त्याला आपल्यापुढे पुन्हा दोन वाटा हव्या असतात.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदच्या दुर्बिणीची दारे सर्वांसाठी उघडतात आणि आसपासच्या शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन तिथे येतात. भूतकाळ पाहण्याचे खरे यंत्र ज्यांना जवळून पाहायचे आहे, त्यांनी त्या दिवशी मुलांना घेऊन जावे.