मातीचा प्राणी उभा राहतो तेव्हा

जबलपूर शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्राचीन जीवसृष्टीच्या अभ्यासातही त्याला मानाचे स्थान आहे. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना येथे एका प्रचंड प्राण्याच्या शेपटीचे अश्मीभूत मणके सापडले. १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. लांब मान, अवजड धड आणि खांबांसारखे पाय असलेल्या शाकाहारी डायनासोरांच्या गटात तो मोडतो. हे अवशेष ज्या खडकांत मिळाले, ते नर्मदाकाठच्या लमेटा घाटावरून ‘लमेटा’ या नावाने ओळखले जातात.

सहावी ते आठवीच्या कलावर्गात मातीचा प्राणी घडवण्यासाठी हा विषय फार उपयुक्त आहे. भूवैज्ञानिकाच्या हाती हाडे येतात, पण देह येत नाही. विद्यार्थ्याच्या हाती देहाची माती असते, पण तिच्यात हाडे नसतात. म्हणूनच अनेकांचा पहिला प्राणी पाय वाकून खाली बसतो. हे अपयश नव्हे. प्राण्याचे वजन कोठे पडते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

प्रथम माती चांगली मळून घ्यावी. बोटाएवढी वळी वाकवली असता तिला भेगा पडल्या नाहीत, तर माती योग्य झाली असे समजावे. त्यानंतर चार जाड पाय वळून ते थोडे घट्ट होऊ द्यावेत. ओल्या पायांवर धड ठेवल्यास ते दबतात. पाय धडाच्या थेट खाली यावेत. हत्तीचे निरीक्षण केल्यास यामागील कारण ध्यानात येते. जोडाच्या दोन्ही बाजू काडीने खरवडून त्यांवर पातळ चिखल लावावा व मगच त्या दाबून बसवाव्यात. गुळगुळीत पृष्ठभाग नुसते चिकटवले, तर वाळताना ते सुटतात.

मानेला आधार म्हणून आत तार घालण्याचा मोह होतो. परंतु वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. त्यामुळे मानेला तडे जातात. त्याऐवजी मान खाली झुकवून ती चरत असल्याचे दाखवावे, अथवा वाळेपर्यंत तिच्याखाली मातीचा टेकू द्यावा. मान आणि शेपटी बारीक असल्याने लवकर वाळतात. म्हणून त्यांवर ओलसर फडके गुंडाळावे.

प्राणी भाजायचा असल्यास त्याचे पोट खालून कोरून पोकळ करावे आणि भिंत बोटभर जाडीची ठेवावी. जाड मातीत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन मूर्ती फुटते.

अखेरीस रंगाचा प्रश्न येतो. सापडलेल्या मणक्यांवरून आकाराचा अंदाज बांधता येतो, पण कातडीचा रंग कळत नाही. तेथे कल्पनेला मोकळीक आहे. मात्र आपल्या प्राण्यातील कोणता भाग पुराव्यावर आधारलेला आहे आणि कोणता कल्पनेवर, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. हे सांगता येणे हा या पाठाचा मूर्तीइतकाच महत्त्वाचा लाभ होय.