मुंबई ते लंडन : अंतर, वेळ आणि घड्याळ

भूगोल व गणित हे विषय वेळापत्रकात निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. परंतु विमानप्रवासाचा पाठ असा आहे की, त्यात एकाच्या मदतीवाचून दुसरा उलगडत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले. आजचे जेट विमान हाच प्रवास कोठेही न थांबता नऊ ते दहा तासांत पुरा करते. हे उदाहरण वर्गात घ्यावे.

प्रथम मुलांकडून अंतर मोजवून घ्यावे. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवू नये; गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना अंतरे ताणली जातात. पृथ्वीगोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. तो १०० सेंटिमीटर भरला, तर पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने एक सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर होतात. मग मुंबई व लंडन यांवर दोरा ताणून धरावा. तो सुमारे १८ सेंटिमीटर भरेल. म्हणजे अंतर ७,२०० किलोमीटर.

आता वेळेचा हिशेब. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व लंडनच्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी ६॥ वाजता पोहोचले. मुले चटकन वजाबाकी करून साडेचार तास असे उत्तर देतील. शिक्षकांनी ते लगेच खोडू नये. ७,२०० ला साडेचाराने भागावयास सांगावे. ताशी १,६०० किलोमीटर वेग येईल. आजचे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटरच्या वेगाने उडते, हे सांगताच आपले उत्तर चुकले हे मुलांना आपोआप कळेल.

चूक घड्याळाची नसून रेखावृत्तांची आहे. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. एका अंशास ४ मिनिटे याप्रमाणे ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास आपण लंडनच्या पुढे असतो. (उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.) म्हणून साडेचारात साडेपाच मिळवावेत. प्रवास दहा तासांचा, व वेग ताशी ७२० किलोमीटर.

हा वेग ९०० पेक्षा कमी का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. चढताना व उतरताना विमान सावकाश जाते. मार्गात वळसेही पडतात. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो.

परतीचे गणित मुलांना घरी द्यावे : जानेवारीत लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ११॥ वाजता मुंबईस पोहोचले. येथे साडेचौदांतून साडेपाच वजा करावयाचे. उत्तर नऊ तास. आलेले उत्तर वेगाच्या कसोटीस लावण्याची सवय मुलांस लागली, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.