कानासाठी सीटी आणि एमआरआय, दोन्ही कशासाठी?

मंडळातील कुटुंबांत हा प्रश्न अनेकदा निघतो: लहान मुलाच्या कानासाठी डॉक्टरांनी दोन तपासण्या सांगितल्या, एक वगळली तर चालेल का? आम्हाला वाटते, आधी फरक समजून घ्यावा.

सीटी क्ष-किरणांवर चालते आणि हाड स्पष्ट दाखवते. हातोडी, ऐरण आणि जेमतेम 3 मिलिमीटरची रिकीब ही साखळी तिच्यात दिसते. वाहणाऱ्या कानाने आतले हाड पोखरले असेल, तर तेही कळते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या साहाय्याने ती आतल्या कानाच्या शंखातील द्रव आणि ऐकण्याची नस दाखवते.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे असेल, तर वाट सीटीत दिसते. पण नसच नसेल, तर यंत्राचा संदेश मेंदूपर्यंत कसा पोहोचणार? ते एमआरआय सांगते. म्हणून या शस्त्रक्रियेआधी बहुधा दोन्ही करतात.

ज्येष्ठांना एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगतात. पेसमेकर असल्यास आधीच सांगावे.

खर्चाची अडचण असल्यास सयाजी रुग्णालयात चौकशी करावी. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी गुजरात सरकारच्या शालेय आरोग्य कार्यक्रमातून मदत मिळते. मात्र उशीर करू नये. बोलणे शिकण्याचे वय थांबत नाही.